गुरुवारची खुर्ची

हीटर वर्षात पहिल्यांदा लावला की त्यावर साठलेली धूळ जळते आणि खोलीभर करपट वास सुटतो. पाच-दहा मिनिटं टिकतो, मग नाक सरावतं. यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात दक्षिणेचा बोचरा सदर्ली वारा सुटला, लोअर हटचे डोंगर ढगात गेले, आणि मी गॅरेजमधून हीटर काढून बैठकीच्या खोलीत लावला. वास आला तसा मी वायर हातात धरून तिथेच उभा राहिलो. बायकोनं, मृणालनं, विचारलं, "काय झालं? शॉक बसला का?"

"नाही गं," मी म्हटलं, "तो हॉल आठवला."

ती चहाचा कप माझ्या हातात देऊन आत गेली. आमच्या घरात 'तो हॉल' म्हणजे कुठला, हे सांगावं लागत नाही. आणि 'तो हिवाळा' म्हणजे दोन हजार चौदाचा, हेही.

इथल्या जून ते ऑगस्टच्या हिवाळ्यात चित्रात काढण्यासारखं काही नसतं. आमच्या बाजूला बर्फ पडत नाही. नुसती ओल असते. सकाळी काचा आतून रडतात, दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, अंधारात ट्रेन पकडून वेलिंग्टनला कामावर जायचं आणि अंधारातच परत यायचं. मी पाण्याच्या पाइपांची आखणी करणारा इंजिनियर. दिवसभर शहराच्या पोटातल्या गळत्या कागदावर बुजवायच्या आणि संध्याकाळी घरातल्या ओल आलेल्या भिंती पुसायच्या. त्या वर्षी मी एक्केचाळीसचा होतो आणि फार दमलो होतो. कशानं ते विचाराल तर बोट दाखवता येणार नाही. सोमवारीच शुक्रवारसारखं वाटायचं, एवढंच.

आणि त्यात रविवार. मी इथल्या मराठी मंडळाच्या बालसंस्कार वर्गाचा शिक्षक होतो. झालो नव्हतो, केला गेलो होतो. दोन हजार अकराच्या सभेत मी चहा आणायला उठलो, आणि चहा घेऊन परत येईपर्यंत माझी एकमतानं निवड झाली होती. "तुमचं पाठांतर खणखणीत आहे हो," मंडळाचे सेक्रेटरी देशपांडे म्हणाले. ते खरं होतं. देवावर माझा विश्वास कधी घट्ट नव्हता, पण लहानपणी मिरजेत आईनं संध्याकाळी दिव्यासमोर बसवून जे घोकून घेतलं ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी यायचं. शाळेतल्या पाठांतर स्पर्धांत माझा एकही गुण कधी कापला गेला नव्हता. एवढ्या भांडवलावर मी शिक्षक झालो.

पहिल्या वर्षी अकरा मुलं होती. मग कोणाचं स्विमिंग आलं, कोणाचं फुटबॉल, एक कुटुंब नोकरीसाठी क्राइस्टचर्चला गेलं. चौदा सालच्या हिवाळ्यात उरली चार. देशपांड्यांची जुळी, पाच वर्षांची ओवी, आणि माझी मुलगी सई, तेव्हा आठ वर्षांची होत होती. चारपेक्षा कमी मुलं झाली तर हॉलचं बुकिंग सोडायचं, असा मंडळाचा नियम होता. म्हणजे वर्ग उभा होता तो सईच्या जिवावर, आणि सईला तिथे यायचंच नव्हतं.

मे महिन्यातच तिनं सांगून टाकलं होतं. "बाबा, इट्स सो बोरिंग. मी नाही येणार." तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत, हे घरोघरी असतं, त्याचं मला काही वाटत नव्हतं. मला वाटायचं ते याचं, की वर्गात ती तोंडच उघडत नसे. बाकीची तीन चुकत-माकत काहीतरी म्हणायची. शिक्षकाचीच मुलगी ओठ मिटून छताकडे बघत बसायची. दिव्याखाली अंधार तो हाच.

मी तिच्याशी तह केला. "ऑगस्टच्या शेवटपर्यंत ये. हिवाळा संपला की तू ठरव. नको म्हणालीस तर मी एका शब्दानं बोलणार नाही."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

तिनं हात पुढे केला आणि एखाद्या वकिलासारखा माझ्याशी मिळवला.

आमचा वर्ग दीड वाजता असायचा. त्याआधी त्याच हॉलमध्ये घाना देशातल्या लोकांचं चर्च भरायचं. तीसेक कुटुंबं असतील, वेलिंग्टन ते अपर हटपर्यंत विखुरलेली. त्यांची प्रार्थना एकला संपते असं बुकिंगच्या कागदावर लिहिलेलं होतं, पण देवाला घड्याळ नसतं. ड्रम चालू, डफल्या चालू, बायका पांढऱ्या लेसच्या पोशाखात नाचत असायच्या, आणि मी पावसात भिजलेला रेनकोट घालून मागच्या दाराशी चावीसाठी उभा. मृणाल शनिवार-रविवार फार्मसीत कामाला जायची, म्हणून सई माझ्याबरोबर.

एका रविवारी त्या मागच्या दाराशी कुडकुडणाऱ्या आम्हा दोघांना एका बाईनं हाताला धरून आत ओढलं. किचनमध्ये. तिथे त्यांच्या मुलांचा वर्ग भरायचा, कारण मोठ्यांचं प्रवचन हॉलमध्ये चालू असायचं आणि किचनमध्ये हीटर होता. त्याचाच तो वास. धूळ, भाताची वाफ, ओले कोट आणि तळलेल्या केळ्याचे काप. त्या बाईचं नाव अकोसुआ. साठीच्या आसपास, रुंद, आवाज घागरीत बोलल्यासारखा. सोमवार ते शुक्रवार एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची अंघोळ-पांघरूण करायची आणि रविवारी ही चौदा-पंधरा मुलं सांभाळायची. म्हणजे दमणुकीत ती माझ्या दोन पायऱ्या वरच होती. मला ती पहिल्या दिवसापासून 'टीचर' म्हणू लागली. गंमत म्हणून नाही, मानानं.

किचनभर खुर्च्या गोलात मांडलेल्या होत्या आणि भिंतीवर सात कागद चिकटवलेले. रविवार, सोमवार, मंगळवार. मुलं आपापल्या जन्मवाराखाली बसायची. त्यांच्यात मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला आपोआप मिळतं, मग आईबाप आणखी काय ठेवतील ते ठेवोत. रविवारची मुलगी अकोसुआ, शुक्रवारची अफूआ. "देवानं हाक मारली तर कुठल्या नावानं मारेल?" अकोसुआ मुलांना विचारायची. मुलं इंग्रजीत ओरडायची, वाराच्या नावानं.

तिनं सईला विचारलं, "तू कुठल्या दिवसाची?"

सईनं माझ्याकडे बघितलं. मी क्षणभर गडबडलो. जन्मतारीख विचारली असती तर घडाघडा सांगितली असती. वार आठवेना. शेवटी फोनवर कॅलेंडर उघडून, आठ वर्षं मागे जाऊन बघितलं. "शुक्रवार," मी म्हटलं. अकोसुआ फोनकडे आणि माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्यात टोमणा नव्हता, पण मला लागलं.

सई शुक्रवारच्या कागदाखाली जाऊन बसली. तिथे आधीच तिघी होत्या. त्यातली एक अफूआ, सईच्या शाळेतली, एक वर्ष पुढची. दोघींनी दहा मिनिटांत एकमेकींच्या बोटात मण्यांच्या अंगठ्या घातल्या. पुढच्या रविवारपासून सई मला घाई करायला लागली. "बाबा, लवकर निघू या ना." मला वाटलं भाताच्या ओढीनं. त्यांचा तो तांबडा तिखट भात खरंच चांगला असायचा. आधी पोटोबा मग विठोबा, हा नियम सगळीकडे सारखाच लागू होतो.

पण एके दिवशी मी दार उघडून आत गेलो आणि सई बोलत होती. उभी राहून, मोठ्यानं, त्यांच्या भाषेत. घानातली ट्वी भाषा, मला त्यातलं अक्षर कळत नाही. तिनं त्यांच्या धर्मग्रंथातलं एक वचन म्हटलं, चांगलं चार ओळींचं, शेवटी मान डोलावली आणि खाली बसली. मुलांनी 'आमेन' म्हटलं. अभिमान वाटला म्हणावं तर तो नव्हता. मी जळलो. तीन वर्षं ओठ मिटून बसलेली माझी मुलगी चार रविवारांत परक्या भाषेत घडाघडा बोलत होती आणि ते मी शिकवलेलं नव्हतं.

दीड वाजता मी माझ्या खुर्च्या मांडायला घेतल्या. मी सहा मांडायचो. मुलं चार, पण कमी मांडल्या की हॉल फार मोठा दिसायचा. सई मला खुर्च्या ओढायला मदत करायची आणि दर वेळी विचारायची, "बट वी आर ओन्ली फोर." मी दर वेळी तेच म्हणायचो, "असू दे. येईल कोणीतरी." कोणी यायचं नाही. मग मी श्लोक सुरू करायचो, देशपांड्यांचा एक जुळा 'ष' चा 'श' करायचा, मी थांबवायचो, पुन्हा म्हणायला लावायचो, तो पुन्हा चुकायचा. ओवी खिडकीतून पाऊस बघायची. सई छताकडे.

अकोसुआची पद्धत मी हळूहळू पाहिली. मूल अडखळलं की ती दुरुस्त करत नसे. तीच ओळ ती स्वतः हळू पुढे म्हणायची, मग बाकीची मुलं म्हणायची, आणि त्या आवाजाच्या आधारानं अडलेलं मूल पुढे सरकायचं. चूक कुठे गेली ते कळायचंच नाही. मी एकदा विचारलं, "उच्चार चुकीचे राहिले तर?"

"टीचर," ती ताटं पुसत म्हणाली, "तोंड उघडलं ना? माझं काम झालं. पुढचं देव दुरुस्त करेल."

मी हसलो. आमच्यात देव दुरुस्त करत नाही, गुण कापतो. पाठांतर स्पर्धेत वाढलेला माणूस मी. मला वाटायचं, चूक कानावर पडली आणि सोडून दिली तर शिक्षक कशाला झालो. हा गुण मी मिरजेहून नीट बांधून आणला होता.

त्या किचनमध्ये गुरुवारच्या कागदाखाली एकच खुर्ची होती आणि ती रिकामी असायची. त्यांच्यातलं गुरुवारचं एकुलतं एक मूल आईवडिलांबरोबर पर्थला गेलं होतं. गोल मांडताना अकोसुआ ती खुर्ची न चुकता मांडायची. गुरुवारची पाळी आली की सगळी मुलं त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून एकत्र वचन म्हणायची. मी म्हटलं, "ही काढून टाकली तर जरा जागा होईल." तिनं माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "गुरुवार पर्थला गेला म्हणून आठवडा सहा दिवसांचा होतो का?"

जुलैत सईचा वाढदिवस झाला. मिरजेहून आईचा फोन आला. बोलता बोलता मी तिला या वारांच्या वर्गाची गंमत सांगितली. सई शुक्रवारच्या गटात बसते म्हटल्यावर तिनं मला मध्येच तोडलं.

"शुक्रवार कुठला?" आई म्हणाली. "गुरुवारची आहे ती."

"अगं, सर्टिफिकेटवर शुक्रवार आहे. पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी झाली."

"तेच म्हणते मी. पहाटे चारला सूर्य उगवला होता का तुमच्याकडे? सूर्य उगवल्याशिवाय वार बदलतो होय? आठ वर्षं मी तिच्यासाठी गुरुवार धरते आहे, ते काय उगाच?"

आई आठ वर्षं सईसाठी उपास करत होती आणि मला ते ठाऊक नव्हतं. तिला कधी सांगावंसं वाटलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खिडकीची काच पुसत बसलो. मिरजेतल्या एका घरात दर आठवड्याला माझ्या मुलीचा वार पाळला जात होता, आणि मला तो फोनच्या कॅलेंडरमध्ये शोधावा लागला होता.

पुढच्या रविवारी मी अकोसुआला हे हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. तिनं भाताचा डाव खाली ठेवला. तिच्या नातवाचंही तसंच झालं होतं म्हणे. तो इथे रविवारी पहाटे जन्मला, तेव्हा घानात अजून शनिवारच होता. तिकडच्यांनी शनिवारचं नाव ठेवून मोकळं व्हावं आणि इकडे ह्यांनी रविवारचं. दोन नावांचं पोर. शेवटी तिनं निकाल दिला, आई जिथे निजली होती तिथला वार खरा. "पण तुमच्यात दिवस सूर्याबरोबर सुरू होतो म्हणतोस," ती म्हणाली, "मग तुमच्या मुलीला तुमचा नियम. तिला सांग. ती ठरवेल."

मी सईला सांगितलं. वाटलं होतं, खांदे उडवेल. शुक्रवारी अफूआ होती, अंगठ्या होत्या, कानात कुजबुजायला तिघी होत्या. गुरुवारी कोणीच नव्हतं, आणि ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी त्यांच्या चर्चमध्ये मुलांचा दिवस असायचा, तेव्हा प्रत्येक वारानं मोठ्यांसमोर उभं राहून आपलं वचन म्हणायचं असतं. गुरुवारला एकटंच उभं राहावं लागणार होतं. सईनं सगळं ऐकून घेतलं, अफूआच्या कानात काहीतरी सांगितलं, उठली, आणि गुरुवारच्या खुर्चीवर जाऊन बसली. अकोसुआनं टाळी वाजवली आणि तिला हाक मारली, "याआ." गुरुवारच्या मुलीचं नाव. मला कारण कळलं नाही. विचारायलाही त्राण नव्हतं, खुर्च्या मांडायच्या होत्या.

ही गोष्ट मंडळात पोचायला आठवडा लागला. देशपांड्यांचा फोन आला. ते भले गृहस्थ आहेत, आवाज चढवून बोलणं त्यांना जमत नाही. "तुम्ही शिक्षक आहात म्हणून बोलतो," ते म्हणाले. "लोक विचारतात हो. आपल्या वर्गाच्या सरांचीच मुलगी चर्चमध्ये वचनं म्हणणार, तर आमची मुलं आम्ही कशाला पाठवायची?"

"पाठवा हो," मी म्हटलं. "तिच्या तोंडून कुठलाही देव बाहेर पडला तरी मला आत्ता चालेल."

"असं कसं बोलता तुम्ही?"

"दमलोय, देशपांडे."

"मग आलं घातलेला चहा घ्या," ते म्हणाले, आणि फोन ठेवला. मुलं त्यांनी काढून घेतली नाहीत. हे त्यांच्या नावावर जमा आहे.

आज तेरा वर्षांची होत आलेली सई खोलीचं दार लावून बसते, नेटबॉल खेळते, आमच्याशी मोजकं बोलते. हे वयच तसं. पण कधी कधी भांडी लावताना ती काहीतरी पुटपुटते, आणि मी नळ बंद करून ऐकायचा प्रयत्न करतो. मी ऐकतोय हे कळलं की ती गप्प होते. माझं थांबवणं तिच्या अंगात भिनलेलं आहे.

ऑगस्टचा तो शेवटचा रविवार. पाऊस नव्हता, हे आठवतं. हॉल गच्च भरलेला. पोरांच्या गळ्यात बो, मुलींच्या केसांत पिवळ्या फिती, खांद्यांवर त्यांच्या देशाचे रंगीत पट्टे. मी शेवटच्या रांगेत, खिशात आमच्या वर्गाची वही घेऊन. रविवारची मुलं झाली, सोमवारची झाली. बुधवारच्या दोघांनी इतकं जलद म्हटलं की सगळे हसले. मग अकोसुआनं 'याआ' अशी हाक मारली आणि माझी मुलगी एकटी पुढे आली. निळा फ्रॉक, मृणालनं सकाळी कामावर जाण्याआधी घट्ट घातलेली वेणी.

पहिल्या दोन ओळी नीट झाल्या. तिसरीच्या मध्ये ती थांबली. तिनं छताकडे बघितलं. ते बघणं मी ओळखत होतो, तीन वर्षं मी ते दर रविवारी बघत आलो होतो. आता ही तोंड उघडणार नाही, मला कळलं. माझा हात आपोआप वर गेला, जसा वर्गात जातो, थांबवायला.

आणि पहिल्या रांगेतून एका म्हाताऱ्यानं तो शब्द म्हटला. हळू, जणू स्वतःशीच. मग त्याच्या शेजारच्या बाईनं पुढचा म्हटला. मग सगळा हॉल म्हणायला लागला, शे-सव्वाशे माणसं, ड्रमवाला, कडेवर मूल घेतलेल्या बायका, आणि त्या आवाजात सईचा आवाज कधी परत मिसळला ते मला समजलं नाही. शेवटची ओळ सगळ्यांनी सोडून दिली आणि ती तिनं एकटीनं पुरी केली. मी ओठ हलवत होतो. नुसतेच हलवत होतो. माझ्याकडे त्यातला एकही शब्द नव्हता. अर्थसुद्धा मी कधी विचारला नव्हता. त्या हॉलमध्ये तिला हात देऊ न शकणारा माणूस एकच होता आणि तो तिचा बाप होता.

दीड वाजता मी सहा खुर्च्या मांडल्या. चार मुलांनी श्लोक म्हटला, म्हणजे तिघांनी. त्या दिवशी 'ष' चा 'श' झाला तेव्हा मी काही बोललो नाही. जुळ्यानं संशयानं माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच थांबला. तीन वर्षांची सवय एका दुपारी जात नाही, त्याचीही आणि माझीही.

गाडीत सई म्हणाली, "हिवाळा संपला, बाबा."

"हो."

"आय डोंट वॉन्ट टू कम एनिमोर." जरा वेळानं ती इंग्रजीतच पुढे म्हणाली, तिथे मी अडकले तर कोणी मला थांबवलं नाही. तू थांबवतोस. दर वेळी.

मी वचन दिलेलं होतं, त्यामुळे एका शब्दानं बोललो नाही. घरी येऊन देशपांड्यांना फोन केला की पुढच्या रविवारपासून तीनच मुलं आहेत. बुकिंग सुटलं. खरं सांगतो, त्या रात्री मला गाढ झोप लागली. पुढच्या रविवारी दीड वाजता मी घरात नुसता बसून होतो, आणि सुटल्याचा आनंद कुठेच सापडेना. फक्त हाताला खुर्च्यांची सवय राहिली होती.

त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी भूकंपाला हा हॉल टिकणार नाही म्हणून त्याच्या दारावर पिवळा स्टिकर लागला. चर्च पोरीरुआकडे कुठेतरी हललं. अकोसुआ गुडघ्यांमुळे नोकरी सोडून लेकीकडे ऑकलंडला गेली. आई अजून गुरुवार धरते. डॉक्टर नको म्हणतात तरी धरते. सई तिच्याशी फोनवर मोडकं मराठी बोलते, आणि आई तिला कधी दुरुस्त करत नाही. मला घोकवताना पट्टी घेऊन बसणारी हीच आई.

तर यंदा हीटर लावला, वास आला, आणि मी चहाचा कप घेऊन तिथेच बसलो. सई खोलीतून बाहेर आली, नाक वर करून म्हणाली, "ए, किचन." आम्ही घरातल्या किचनमध्ये नव्हतो. तिलाही तोच वास आला होता.

फोन तिच्या हातात होता. अकोसुआचा निरोप आला होता. ती दर वर्षी सईच्या वाढदिवसाच्या बेतासाठी महिनाभर आधीच विचारपूस करते, आणि नाव 'याआ' असंच लिहिते. सईनं तो निरोप मला वाचून दाखवला. मग हीटरपाशी पाय पसरून बसली. पाच वर्षं जे विचारायचं राहिलं होतं ते मी विचारलं.

"सई, तू तेव्हा गुरुवारात का गेलीस? अफूआ तर शुक्रवारी होती. आजी म्हणाली म्हणून?"

"नो." तिनं मोज्यांवरून हात फिरवला. "आजीचं नव्हतं ते."

"मग?"

तिनं माझ्याकडे बघितलं. हे काय विचारतोस, अशा नजरेनं.

"खुर्ची रिकामी होती ना. आणि तू नेहमी म्हणायचास, येईल कोणीतरी." ती थांबली. मी तिला थांबू दिलं, काही पुरवलं नाही. "कोणी कधी आलंच नाही, बाबा. सो आय वेंट."